फाटकमामा गाडीत बसले तो दिवस

मी पहिल्यांदा त्यांच्या बंद फाटकातून गेले अन त्यांनी मला उलटं पाठवलं. तिथनंच आमची वळख.

सांगते कसं झालं. माझी पोरगी तवा सव्वा महिन्याची व्हती. आमी शिरूर कासारच्या अंगाचे, ऊस तोडायला गेवराईच्या पुढं गोदावरीकडं एका कारखान्यावर आलतो. मालक, म्हंजी माझा नवरा, टोळीसंगं दिस उगायच्या आत फडात जायचे अन लेकरू लहान म्हनून मी कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, एकटी. अन मला तवा सगळ्याचंच भ्या वाटायचं. कुत्र्याचं, इच्चवाचं, बिबट्या आलाय म्हनून मोबाईलवर यायचं त्याचं, मुकादमाच्या आवाजाचं, पोरगी रडली की तिच्या रडन्याचं अन न्हाई रडली की श्वास चालू हाय का न्हाई त्याचं. सातवीत शाळा सुटली, कोनाशी कसं बोलावं ते बी कळत नव्हतं.

तर त्या दिवशी हापशावरून पानी घेऊन मी येत व्हते. मधी उसाच्या गाडीचे रूळ, पल्याड आमच्या कोप्या. ही गाडी म्हंजी परळीच्या मोठ्या रेल्वेवानी न्हाई, बारकी. रूळ एवढे जवळजवळ की लहान लेकरू दोन्हीवर एकेक पाय ठेवून उभं राहील. तळावरून, म्हंजी जिथं ऊस गोळा व्हतो तिथनं, भरायची अन दहा-बारा किलोमीटरवर कारखान्यात नेऊन टाकायची. जिथं रस्ता आडवा जातो तिथं फाटक, म्हंजी अल्याड एक अन पल्याड एक असे दोन लांब लोखंडी दांडे. दांडे आडवे केले, साखळी लावली, की रस्ता बंद. तवा दांडे आडवेच व्हते, पन गाडी कुठं दिसंना. म्हनून म्या घागर आधी खालून सरकवली, मंग पोरीला छातीशी धरून मी खालून निघाले. दोन्ही दांडे ओलांडले अन समोर ह्ये उभे. खाकी शर्ट, एक गुंडी पांढरी एक काळी एक लाल, काखंत दोन बावटे गुंडाळलेले.

"कुठून आलीस?"

"तिकडून," म्हनलं.

"मंग तिकडंच जा. गाडी गेली की ये."

"मामा, आता तर आले की."

"न्हाई आलीस. फाटक बंद असताना कोनी येत नस्तंय."

मला वाटलं चेष्टा करायलेत. पन ते हालंचनात. मी रडतच परत दोन्ही दांड्यांखालून गेले, घागर हिंदकळून निम्मी सांडली, पोरगी बी रडायली, अन तिकडं जाऊन उभी राहिले. चांगला अर्धा तास झाला मंग गाडी आली. गाडी गेली, मामांनी साखळी सोडली, दांडा वर केला अन असे बाजूला झाले, एका हातानं वाट दाखवली, जशी काय नव्या नवरीला घरात घ्यायलेत.

"या बाईसाहेब. आता आलात बघा."

अन घागर बघितली तर आपल्या माठातलं पानी तिच्यात वतलं, काठापर्यंत.

सगळा गाव त्यांना फाटकमामा म्हनायचा. बत्तीस-तेहतीस वर्सं तेच एक फाटक. उलटं पाठवायची ती रीत एकट्या माझ्यासाठी नव्हती, सगळ्यांला तीच. मोटरसायकलवाला दांड्याखालून गाडी आडवी घालून काढायचा, तर मामा त्याला पल्याड थांबवून परत तशीच आडवी घालून न्यायला लावायचे. मास्तर असू दे, सरपंच असू दे. एकदा म्हनं म्हशी गेल्या घुसून, तर त्यांनी अख्खा कळप उलटा फिरवला, अन गुराखी म्हनायला, "मामा, म्हशीला काय कळतंय?" तर म्हनले, "तुला कळतंय ना? तू ने."

नवरदेवाचं तर मामीनं मला पोट धरधरून सांगितलं. मामी म्हंजी त्यांची बायको. दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, पन तोंड लई तिखट. तर वरात आली अन फाटक लागलं. वाजंत्रीवाले वाजवून वाजवून दमले, मुहूर्त जवळ आला, नवरीचा बाप हात जोडून आला तर मामा म्हनले, "ह्या मुहूर्ताला न्हाई लागलं तर दुसऱ्याला लागंल, पन गाडीखाली गेलेला जावई दुसरा कुठून आनाल?" झालं, थांबले सगळे. गाडी आली अन नेमकी फाटकाजवळ शिट्टी. घोडं जे बिथरलं ते नवरदेवाला घेऊन उलट्या पावली त्याच्याच गावाकडं. मागं करवल्या, मागं वाजंत्री. मामी म्हनायची, "अन ह्ये दांडा वर करून उभे, म्हनत्यात या की, आता कावून येत न्हाईत?"

बावट्यांची तर त्यांना लई काळजी. दर शुक्रवारी दोन्ही बावटे निरम्यात धुवायचे अन बाभळीवर वाळत घालायचे. हिरवा रुळाच्या बाजूला अन लाल मागच्या बाजूला, ध्यान देऊन. एका शुक्रवारी मामांला ताप व्हता तर मामीनं धुतले अन तिला डोळ्यानं दिसत न्हाई, तिनं लाल घातला रुळाकडं. आली गाडी, ड्रायव्हरनं बघितला लाल, गच्चकन ब्रेक. अर्धा घंटा गाडी उभी. ड्रायव्हर इंजनातून वरडायला, मामी म्हनायली, "आरं धुनं हाय त्ये!" अन ड्रायव्हर म्हनतो, "धुनं असू दे न्हाईतर काय बी असू दे, लाल हाय." मामा तापानं फनफनलेले, पन चादर गुंडाळून भायेर आले अन ड्रायव्हरची पाठ थोपटली. कारखान्यात कोनी काय बोललं असंल ते असू दे, मामा महिनाभर सगळ्यांला सांगत व्हते, माझ्या वाळत घातलेल्या बावट्याला बी मान हाय म्हनून.

मला आधी गाडीचंच लई भ्या. ती आली की जमीन हादरायची, मला वाटायचं रूळ सोडून सरळ कोपीत शिरनार. मी पोरीला घेऊन पळत लांब बाभळीखाली जायची. एक दिवस मामा बघत व्हते, म्हनले, "कुठं पळतीस गं?"

"गाडी इकडं आली तर?"

"ती कशाला येईल? तिला दुसरी वाटच म्हाईत न्हाई."

अन म्हनले, लेकराला इथं आन. त्यांच्या फाटकाच्या खोलीत रुळाकडच्या भिताडाला लागून गोधडी आथरली. माझी पोरगी दिवसभर किरकिर करायची, झोपच न्हाई, मी बी रात्रंदिवस जागी. गाडी आली, भुई गुनगुनाया लागली, अन पोरगी हो, डोळे मिटून गप. मला खरंच वाटंना. तवापासून रोज गाडीच्या येळंला मी पोरगी घेऊन तिथं. मामी मला भाकरी द्यायची, मी तिच्या शेळीला उसाच्या शेंड्याचं वाढं टाकायची, पानी आनून द्यायची. लेकरू झोपलेलं अन मी भिताडाला टेकून बसलेली. त्या हंगामात माझी झोप तेवढीच.

अन मला तवा एक कळलं, त्याचंच मला लई नवल वाटलं. मामा त्या गाडीत कधी बसलेच नव्हते. एकदा बी न्हाई.

ड्रायव्हर रोज फाटकाशी जरा हळू करायचा अन मामा रोज त्याला इचारायचे. "पुलाखाली पानी किती हाय रं?" "त्या डोंगरीच्या कापात पोळं हाय का अजून?" फाटकाच्या पुढं सरळ रूळ, मंग वळन, वळनाला दोन डोंगऱ्या अन त्यांच्या मधून गाडी जाते. तिथनं पुढं मामांनी गाडीतनं काय बी बघितलं नव्हतं, पन सगळं तोंडपाठ. ड्रायव्हर कावायचा. "मामा, एकदा बसून या की सोता!"

"अन फाटक काय तुझा बाप लावनार का बे?"

खरंच की. जवा गाडी असते तवा मामा फाटकावर पायजेत, अन जवा मामांला सुट्टी तवा गाडी न्हाई, पावसाळ्यात तर कारखानाच बंद. म्या म्हनलं, मामा, चालत जाऊन बघायचं की. तर म्हनले, "गेलतो की. पायी गेलतो. पायी गेलेलं काय त्याच्यात धरत न्हाईत." अन तोंड फिरवून दांड्याला तेल घालाया लागले.

मामी मला हळूच म्हनली, "रातच्याला झोपेत शिट्टी मारत्यात गं."

मंग त्याच हंगामाच्या शेवटाला कारखान्यानं ठरवलं, गाडी बंद. ट्रॅक्टर आलेत, ट्रक आलेत, रूळ उचलायचे अन ऊस रस्त्यानं आनायचा. मामांला गोदामावर बसायचं काम देनार व्हते. साहेब सांगाया आले तवा मामा नुसतं "बरं" म्हनले. मला वाटलं रडतील. न्हाई. लगेच इचारलं, "शेवटची गाडी किती वाजता?"

तर शेवटची गाडी उसाची नव्हतीच. पुन्याहून मानसं येनार व्हती. आमच्याकडं कसे कुस्तीचे शौकीन असत्यात, बैलांचे असत्यात, तसे ह्ये रेल्वेचे शौकीन. कुठली गाडी बंद व्हायलीय असं कळलं की तिच्यात शेवटचं बसायला जात्यात. चांगली शिकलेली, वयानं मोठी मानसं, गळ्यात ह्ये एवढे क्यामेरे. आदल्या दिवशी त्यांच्यातले एक टोपीवाले दादा आले बघाया. इंजनाला हात लावला अन त्यांच्या डोळ्यात पानी. आमच्या टोळीतला एक जन म्हनला, "गाडीच्या मयताला आलेत बे," अन सगळे हसले. पन त्या दादांला इंजनाचं सगळं ठावं, कुठल्या साली आलं, आधी कुठं व्हतं, ड्रायव्हरला बी म्हाईत नव्हतं तेवढं. उसाचे चार डबे झाडून धुऊन घेतले अन मांडववाल्याच्या लाल खुर्च्या आत बाजूला तोंड करून ठेवून सुतळीनं बांधल्या. इंजनाला झेंडूच्या माळा.

ते दादा मामांला म्हनले, "मामा, तुम्ही तर किती वेळा गेला असाल!"

"एकदा बी न्हाई."

दादांला वाटलं चेष्टा. मामी आतनं वरडली, "खरं बोलत्यात ते!" मंग दादा साहेबांकडं गेले अन ठरवूनच आले की उद्या मामा गाडीत बसनार म्हंजी बसनार.

मामा म्हनले, "फाटक?"

साहेब म्हनले, "अहो, परवा तर फाटकच काढायचंय. उद्या एक दिवस नाही लावलं तर काय बिघडतंय? गाडी सावकाश जाणार आहे."

"परवाचं परवा. उद्या गाडी हाय, तर फाटक हाय." अन खाली बसले. म्हंजी जायचंच न्हाई.

मला त्यांचा लई राग आला खरं सांगते. बत्तीस वर्सं झोपेत शिट्ट्या मारायच्या अन दारात गाडी आली तर न्हाई म्हनायचं. मंग लोकं म्हनले, आमी लावतो फाटक. चहावाला म्हनला मी लावतो, तर मामा म्हनले, "तुझं दूध उतू चाललं की तू फाटक सोडून पळशील." मुकादमाचा भाऊ म्हनला मी, तर म्हनले, "तुझे दोस्त आले की तू उघडशील." एक जन म्हनला, "त्यात काय अवघड हाय मामा, लेकरू बी करंल," तर त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. असं करता करता कोनी उरलंच न्हाई. मी आपली पोरीला मांडीवर घेऊन दाराशी बसलेली. मामांनी माझ्याकडं बोट केलं.

"ही लावंल."

मालक तिथंच व्हते, हसलेच. "ही? मामा, ही कोपीतली पाल हाकलाया मला उठवती."

"म्हनूनच. हिला गाडीचं भ्या वाटतंय. ज्याला भ्या वाटत न्हाई त्याच्या हातात मी फाटक देत नस्तो."

मी न्हाई म्हनत व्हते, मान हालवत व्हते, रडकुंडीला आलते. पन मामी आली, चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला अन कानात म्हनली, "व्हय म्हन गं बाय. न्हाईतर ह्ये बसायचेच न्हाईत." मंग माझ्या तोंडातून व्हय कसं निघालं मलाच ठाव न्हाई.

त्या संध्याकाळी मामांनी माझ्याकडून दहा येळा दांडा खाली-वर करून घेतला. फाटक बंद हाय म्हनून गाडीला दाखवायचा हिरवा बावटा कसा धरायचा, हात ताठ, कोपर वाकवायचं न्हाई. लाल हातात गुंडाळून ठेवायचा, टाकायचा न्हाई. शिट्टी ऐकली की मंग न्हाई, शिट्टीच्या आधी दांडा खाली पायजे. अन शेवटच्या डब्याच्या मागं लाल कापड बांधलेलं असतंय, ते डोळ्याआड झाल्याबिगर साखळी सोडायची न्हाई. "कोन बी काय बी म्हनू दे," म्हनले. "मी म्हनलो तरी न्हाई."

सकाळी मामांनी टोपी घातली, धुतलेला शर्ट घातला, मामीनं तिन्ही गुंड्या बदलून एका रंगाच्या लावलत्या, चाचपून चाचपून. अन ते तळाकडं चालत गेले गाडीत बसायला. जाताना तीनदा मागं वळून आले. एकदा साखळी बघायला, एकदा बावट्याची काठी बघायला, अन एकदा उगंच.

मी पोरीला पाठीशी झोळीत बांधली. मालक फडात गेलते. मामी माझ्याजवळ उभी, तिला सगळं धुरकट दिसायचं. मी दांडे पाडले, साखळी लावली. दोनदा ओढून बघितली. गाडीचा पत्ता न्हाई. रस्त्यावर ट्रॅक्टर आला, उसाच्या दोन ट्रॉल्या. मोटरसायकली आल्या. टमटम आली. मागं एक पांढरी मोठी गाडी, काळ्या काचांची, हॉर्नवर हॉर्न. अन ती पुन्याची मानसं जागोजागी उतरून फोटो काढत यायलेत, म्हनून गाडीला उशीर. पाऊन घंटा झाला तवा कुठं शिट्टी आली.

म्या बावटा धरला. हात ताठ. माळा घातलेलं इंजन आलं, धाडधाड, मी डोळे मिटनार व्हते पन न्हाई मिटले. डब्यात सगळे फोटो घ्यायलेत, हात हालवायलेत, कोनी गात व्हतं.

"दिसले का? कुठं हायेत?" मामी म्हनली.

"शेवटच्या डब्यात. उभे हायेत. खुर्चीवर न्हाई बसले."

"तोंड कुनीकडं हाय?"

"आपल्याकडंच. साखळीकडं बघायलेत."

"अगं बाई! जनमभर फाटक बघितलं, आज बी फाटकच बघा!"

गाडी फाटकातून गेली, सरळ रुळावर गेली, अन वळनाच्या अलीकडं थांबली. क्यामेरेवाले सगळे उतरून वावरात पळाले. मामा तेवढे डब्यात उभे, अजून आमच्याकडंच तोंड. लाल कापड दिसत व्हतं.

मागनं हॉर्न सुरू. "ए बाई, गेली की गाडी! उघड!" ट्रॅक्टरवाला खाली उतरला, "वैनी, सोडा की, कारखान्यावर माझा नंबर जाईल." म्या मान हालवली. मंग पांढऱ्या गाडीतून एक जन उतरला, पांढरे कपडे, गॉगल. मला असल्या मानसाचं लई भ्या, गावाकडं बी असे आले की मी आत जाते.

"काय गं, गाडी गेली ना?"

"न्हाई गेली. लाल दिसतंय."

"ती तर थांबलीय तिकडं, अर्ध्या किलोमीटरवर! मी कोन हाय वळखतीस का?"

"न्हाई," म्हनलं. खरंच वळखत नव्हते.

मागं मोटरसायकलवाले फिसकन हसले. तो रागानं पुढं आला अन सोताच दांड्याला हात घातला. मला काय सुचलं काय म्हाईत, मी दांड्याला लोंबकळले, पाठीवर पोरगी, एका हातात बावटे. मामी आवाजावरून आली अन तिनं बी दांड्याला मिठी मारली. "उचल! म्हातारीला बी उचल संगं! बघू तुझ्या दंडात किती दम हाय!"

तेवढ्यात शिट्टी झाली. बघते तर गाडी मागं यायलीय. उलटी. त्या लोकांला पुन्हा एकदा गाडी जोरात येताना फोटो पायजे व्हता, म्हनून ड्रायव्हरला म्हनले, फाटकाच्या मागं लांब ने अन पळवत आन. फाटकावर मला सांगाया कोनी आलंच न्हाई. गाडीच गेली, आता फाटक कशाला, असंच वाटलं असंल त्यांला. अन उलट्या गाडीत सगळ्यात पुढं आला तो शेवटचा डबा, अन त्याच्या टोकावर मामा. दोन्ही हात वर करून वरडायलेत, आवाज काय येत न्हाई, इंजन मागं अन ते पुढं. मला तेवढ्यात समजलं. त्यांला वाटलंय म्या साखळी सोडली असंल. एक पाय त्यांनी डब्याच्या भायेर काढला. उडी टाकनार व्हते ते, गाडी थांबवायला, त्या वयात.

म्या दांडा सोडला अन रुळाच्या कडंला पळाले अन जेवढा उंच व्हईल तेवढा हिरवा बावटा धरला. हात ताठ. जीव खाऊन वरडले, "मामा, फाटक बंद हाय! बंद हाय!" 

पाय तसाच भायेर व्हता. मंग त्यांला दांडे दिसले. आडवे. त्याच्या मागं ट्रॅक्टर, टमटम, पांढरी गाडी, सगळे जिथल्या तिथं. पाय आत गेला. डबा माझ्या समोरून गेला तवा मामा माझ्याकडं बघत व्हते अन त्यांनी मान डोलावली, जशी ते ड्रायव्हरकडं बघून डोलवायचे.

गॉगलवाला दांड्याजवळच उभा व्हता, जिथनं त्याला जायचं व्हतं तिथनंच चार डबे अन इंजन धडधडत गेले. त्यानं गॉगल काढला. मागं एका मोटरसायकलवाल्यानं हॉर्न मारला तर त्याच्यावरच वरडला, "थांब बे! फाटक लागलंय दिसत न्हाई का?"

गाडी लांब तळाकडं गेली, थांबली, अन शिट्टी मारून परत निघाली. आता जोरात. ड्रायव्हरनं मुद्दाम काळा धूर सोडला, वावरात क्यामेरेवाले आडवे पडून फोटो घ्यायलेत, एक जन तर ढेकळावर पडला बी. मी परत बावटा धरला. ह्या येळंला डोळे मिटायचं मनात बी आलं न्हाई. इंजन गेलं, एक डबा गेला, दोन गेले. सगळे डबे मोकळे, नुसत्या लाल खुर्च्या. शेवटच्या डब्यात एकटे मामा.

"काय करत्यात? सांग की गं, काय करत्यात?" मामीनं माझा दंड धरलता.

"सुतळी सोडायलेत, मामी. खुर्चीची."

"कावून?"

"फिरवायलेत खुर्ची." मला बी नीट दिसंना, डोळ्यात पानी आलतं, धुरानं असंल. "बसले. मामी, बसले."

"तोंड कुनीकडं?"

"म्होरं."

मामीनं पदर तोंडाला लावला. हसत व्हती का रडत व्हती, दोन्ही असंल. गाडी वळनाशी जरा थांबली, सगळी मानसं वरडत-वरडत परत चढली, अन ती दोन डोंगऱ्यांच्या मधी शिरायला लागली. मामांची टोपी तेवढी दिसत व्हती खुर्चीच्या वर, ती काय इकडं वळली न्हाई. पोरगी पाठीवर गाढ झोपलेली. मागं ट्रॅक्टरवाल्यानं इंजन चालू केलं.

मामी म्हनली, "चल, सोड आता साखळी."

"थांब मामी," म्हनलं. "अजून लाल दिसतंय."